शब्द स्पष्ट ऐकू यावा म्हणून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त येलहंका येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त गेल्या काही आठवड्यांत या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर विद्वत्तापूर्ण व्याख्याने ऐकली. त्यांच्या पंक्तीस ‘घरातील सिनेमाची ध्वनियंत्रणा’ हा विषय बसविणे म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत चिवडा वाढण्यासारखे आहे, असे आम्ही कार्यकारिणीस नम्रपणे कळविले होते. चिवडाही लोक आवडीने खातात, असे उत्तर आल्यामुळे आमचा निरुपाय झाला.

आमचा अधिकार म्हणाल तर तो फारसा नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. पुढची सुमारे पस्तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत फायलींच्या सहवासात गेली. मात्र बदलीच्या नोकरीचा एक लाभ आम्हांस असा झाला की, तेच दोन स्पीकर आणि तोच अँप्लिफायर आम्ही पाच गावांतील पाच निरनिराळ्या घरांत मांडून ऐकले. यंत्रे तीच, तारा त्याच, गाणीही तीच. आवाज मात्र प्रत्येक घरी निराळा. यंत्राइतकेच घरही वाजत असते, हा धडा आम्हांस कोणत्याही पुस्तकाआधी सामानाच्या लाकडी खोक्यांनी शिकविला.

आता हा सारा खटाटोप कशासाठी, हे आधी सांगितले पाहिजे. पुष्कळ मंडळी घरी अशी यंत्रणा बसवितात ती स्फोटांसाठी आणि डोक्यावरून घोंघावत जाणाऱ्या विमानांसाठी. येलहंक्याच्या रहिवाशास त्याचे अप्रूप नसावे. १९९६ पासून दर दोन वर्षांनी आपल्या येथील हवाई दलाच्या तळावर विमानांचे प्रदर्शन भरते, आणि त्या दिवसांत लढाऊ विमानाचा जो गडगडाट आपणा सर्वांस विनामूल्य ऐकावयास मिळतो तो कोणत्याही दुकानातील यंत्राला साधणारा नाही. आमची गरज त्याहून लहान होती, आणि म्हणूनच अवघड होती. आम्हांस माणसांचे बोलणे ऐकावयाचे होते.

आमच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी. सातारा जिल्ह्यातील आपले घर सोडून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा दूरदर्शन संचावर मराठी चित्रपट आणि नाटके पाहणे हा त्यांचा मोठा विरंगुळा होता. हळूहळू ‘काय म्हणाला रे तो?’ हा प्रश्न वाढू लागला. काही महिन्यांनी तो प्रश्नही येईनासा झाला. विचारणे वाढले तेव्हा वाटले नव्हते इतके ते थांबल्यावर आम्हांस लागले. कारण त्या संचासमोर बसत होत्या, पण नुसत्याच पाहत होत्या. दुसऱ्या टोकास आमचा नातू. त्याची आई तुमकूरकडची. त्यामुळे अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि मराठी काय ती घराच्या चार भिंतींत. शहाजीराजांच्या आगमनापासून, म्हणजे १६३८ पासून, या शहराच्या कानाला मराठीची सवय आहे हे खरे. परंतु मुलाच्या कानाला ती सवय घरीच लावावी लागते. एकीच्या कानातून शब्द निसटत चालले होते आणि एकाच्या कानात ते अजून पुरते शिरले नव्हते. मराठी चित्रपट येथे लागतो तो बहुधा एखाद्या दूरच्या मॉलमध्ये शनिवार-रविवारच्या एखाद्या खेळापुरता. मातोश्रींना तेथवर नेणे कठीण. तेव्हा चित्रपटगृहच घरी आणणे प्राप्त होते.

शब्द ऐकू येतो म्हणजे काय होते, हे थोडे समजून घ्यावे लागेल. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे शंभर ते दीडशे कंपनांचा, स्त्रीचा साधारण दोनशेच्या आसपास. आवाजातील बहुतेक बळ या खालच्या भागात, म्हणजे स्वरांत असते. पण शब्दाची ओळख पटते ती व्यंजनांवरून, आणि स, श, च, त, क यांसारख्या व्यंजनांच्या खुणा दोन हजारांपासून आठ हजार कंपनांपर्यंतच्या वरच्या पट्टीत असतात. त्यांत बळ फार थोडे. वार्धक्यात कान प्रथम गमावतो तो नेमका हाच भाग. म्हणून वृद्ध माणसास ‘कोणी बोलते आहे’ हे कळते, ‘काय बोलते आहे’ हे कळत नाही. आवाज वाढविला तर स्वर तेवढे कानठळ्या बसवू लागतात आणि व्यंजने होती तेथेच राहतात. ‘ओरडू नकोस, नीट बोल,’ असे आपल्या घरातील वडीलधारी माणसे चिडून म्हणतात, ते शास्त्रास धरूनच आहे.

मराठीस तर याची झळ अधिक बसते. आपल्याकडे च आणि ज ही अक्षरे दोन परींनी उच्चारली जातात. ‘चंद्र’ मधला च निराळा आणि ‘चांदणे’ मधला निराळा. लिहिताना आपण भेद करीत नाही, कानाने करतो. दंत्य उच्चाराची खूण तालव्याहून आणखी वरच्या पट्टीत असते. कन्नडमध्ये हा भेद नाही, तेलुगूत आहे. एके दिवशी आमचा नातू पणजीस म्हणाला, ‘पणजी, जरा सरक ना,’ आणि त्यातला ज त्याने ‘जीवन’ मधल्या ज सारखा उच्चारला. मातोश्री हसून म्हणाल्या, ‘अरे, ही जरा मला आली आहे, तुला कशाला हवी?’ हा विनोद त्याला कळावयास पाचएक वर्षे जावी लागतील. पण हा भेद ज्या यंत्रातून ऐकू येत नाही त्या यंत्रातून मराठी येत नाही, नुसता आवाज येतो, असे आमचे मत त्या दिवशी पक्के झाले.

आता यंत्राकडे वळू. पूर्वीच्या कपाटवजा दूरदर्शन संचात स्पीकर पुढच्या बाजूस, पाहणाऱ्याच्या तोंडासमोर असे. नव्या संचाची जाडी बोटभर. त्यातील स्पीकर चिमुकले आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ करून भाषण करावे तसा हा प्रकार. त्यामुळे संचाखाली साधी ध्वनिपट्टी, जिला दुकानात साउंडबार म्हणतात, ती ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. ज्यांची खोली लहान आणि हौस बेताची आहे त्यांनी तेथेच थांबावे. त्यात कमीपणा नाही.

आम्ही थांबलो नाही. आमच्या जुन्या दोन स्पीकरांनी गाणे सुरेख लागे, पण संवाद हवे तितके उमटत नसत. त्याचे कारण वाचल्यावर समजले. दोन स्पीकरांच्या मध्ये उभा राहिल्यासारखा वाटणारा नट हा कानाचा भास असतो. दोन्हींकडून येणारा तोच आवाज प्रत्येक कानापाशी किंचित मागेपुढे पोहोचतो, आणि दोन हजार कंपनांच्या आसपास एकमेकांस खाऊन टाकतो. व्यंजनांच्या खुणा जेथे सुरू होतात नेमका तेथेच खड्डा. शिवाय एका बाजूस बसलेल्यास नट त्या बाजूच्या स्पीकरात शिरलेला वाटतो. यास उपाय एकच: मधोमध, पडद्याच्या अगदी खाली, तिसरा स्पीकर. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात संवाद बहुतांशी या मधल्या मार्गावरच ठेवलेले असतात. सर्व पैशांत हा एक स्पीकर उत्तम घ्यावा, डाव्या-उजव्यांच्या जातकुळीतला घ्यावा, आणि तो कपाटात कोंबून न ठेवता फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढून बसणाऱ्याच्या कानाकडे किंचित वर तोंड करून ठेवावा. आमच्या घरी मधला स्पीकर आला त्याच संध्याकाळी मातोश्रींनी एका नाटकातील पात्राचे वाक्य पुरे होण्याआधी स्वतः पुरे केले. आमच्या सौभाग्यवतींनी तोवर या खर्चास दिलेली मंजुरी तत्त्वतः होती. ती त्या क्षणी प्रत्यक्ष झाली.

खोलीविषयी मात्र विस्ताराने बोलले पाहिजे, कारण येथे पैसा कमी लागतो आणि गुण अधिक येतो. आपल्या गावाकडील जुन्या घरांत सारवलेली जमीन, लाकडी माळवद, कोनाडे, फडताळे, दांडीवर टाकलेल्या गोधड्या. आवाज तेथे चार ठिकाणी मुरत असे. आजच्या सदनिकेत खाली गुळगुळीत फरशी, वर काँक्रीटची स्लॅब, बाजूंना गिलावा आणि काच. टाळी वाजवून पाहावी. खणखणीत उत्तर येते. प्रत्येक शब्दाची अशी शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि तरुण कानालाही बोलणे गढूळ वाटते. आम्ही जमिनीवर जाड सतरंजी अंथरली, खिडक्यांना वजनदार पडदे दुहेरी चुण्या देऊन लावले, आणि मागच्या भिंतीस पुस्तकांचे कपाट हलविले. उंचसखल पुस्तकांनी आवाज विखुरतो. दिवाळी अंकांचे चाळीस वर्षांचे गठ्ठे रद्दीत देण्याचा घरातील ठराव त्यामुळे बारगळला, हे जाता जाता नमूद करतो.

खालच्या सुरांची गोष्ट निराळी. ते सतरंजीस जुमानत नाहीत. सेकंदाला चाळीस कंपनांच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. आमचा दिवाणखाना सोळा फूट लांब, म्हणजे सुमारे ४.९ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास अशा खोलीत ३५ कंपनांचा सूर दोन भिंतींमध्ये नेमका अडकून उभा राहतो. भिंतीलगत तो घुमतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून कोच भिंतीस टेकवूही नये आणि अगदी मध्यावरही ठेवू नये. सबवूफर कोठे ठेवावा यास एक युक्ती आहे. तो उचलून आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, एखादे खर्जाचे वादन लावावे, आणि आपण स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जावे; जेथे सूर सारखा आणि मोकळा लागेल तेथे सबवूफरची जागा. एका रविवारी आम्ही ही प्रदक्षिणा घालीत असता शेजारचे गृहस्थ आले आणि कोणाची कुडी हरवली म्हणून तेही शोधू लागले.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे. आपण परमुलखात राहतो, भिंती आणि स्लॅब सामाईक आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्ज स्लॅबमधून मैत्री करीत वर जातो. म्हणून आमचा सबवूफर जाड रबरी आसनावर असतो आणि रात्री दहानंतर तो बंद. रिसीव्हरवर रात्रीसाठी एक सोय असते, तिने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणे वर येते. शब्दासाठी ऐकणाऱ्यास ती दिवसाही उपयोगी पडते. रिसीव्हर म्हणजे टेलिफोनचा नव्हे, तर सर्व स्पीकरांना वाटणी करून देणारा मुख्य पेटारा. त्यास राजभाषेच्या पत्रकात काय म्हणतात ते असो; सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे एस. पी. रोड म्हणतात, तेथील दुकानदारास हाच शब्द कळतो.

त्या रस्त्यावर जाणाऱ्यांनी वॅटच्या आकड्यांस भुलू नये. एके काळी हातात मावणाऱ्या यंत्रावरही ‘हजार वॅट’ असे छापलेले असे. तो क्षणिक कमाल शक्तीचा आकडा, त्यास अर्थ नाही. सतत किती शक्ती मिळते ते विचारावे. पन्नास वॅटचे शंभर केले तर आवाज दुप्पट होत नाही, तीन डेसिबल वाढतो, इतकेच. कानास दुप्पट वाटावयास दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट थोड्या शक्तीत अधिक बोलणारा स्पीकर निवडला तर तेच काम स्वस्तात होते. तारांवरही भलता खर्च नको. पाच-सात मीटरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पुरते. रिसीव्हर दहा वर्षांत जुना होतो, कारण जोडण्यांच्या पद्धती बदलतात. स्पीकर तसा जुना होत नाही. हलणाऱ्या वेटोळ्याच्या ज्या स्पीकरावर राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली निबंध वाचला, तोच आजही घरोघर बोलतो. म्हणून आमचा पहिला पैसा स्पीकरांत गेला. ते परदेशी निघालेल्या एका संगणक अभियंत्याकडून निम्म्या किमतीत मिळाले. या शहरात अशी संधी वारंवार येते. रिसीव्हर घेतला तो २०१६ साली सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली तेव्हा.

सर्व जोडून झाल्यावर मोजमाप करावे. बसण्याच्या जागी मायक्रोफोन ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी स्वतः ठरविते. आवाजास दर ३४ सेंटिमीटरला एक सहस्रांश सेकंद लागतो. दूरच्या स्पीकरास आधी आणि जवळच्यास नंतर बोलावयास लावून सर्वांचे शब्द एकाच क्षणी पोहोचविले जातात. यंत्राचा हा निवाडा आम्ही मान्य केला आणि मग मधला स्पीकर तेवढा तीन डेसिबल वर चढविला. शास्त्राच्या दृष्टीने हा पक्षपात आहे. पण तो मातोश्रींसाठी असल्याने कायम आहे.

या यंत्रांवर डॉल्बी हे नाव आपण वाचता. ते रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षे चंडीगड येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत युनेस्कोचे सल्लागार म्हणून होते, आणि येथून परत गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. केंद्र सरकारच्या कचेरीत पुढील आयुष्याचे विचार सुचतात, याचा हा एक पुरावा आम्ही सहकाऱ्यांस अधूनमधून दाखवितो.

ऐकावयाचे काय? येथे आमची आवड थोडी निराळी आहे. मराठी बोलपट १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने बोलू लागला, आणि प्रभातच्या ध्वनीची जबाबदारी विष्णुपंत दामल्यांसारख्या कसबी माणसाकडे होती. अवघ्या पाच वर्षांनी, १९३७ साली, शांताराम बापूंनी ‘कुंकू’ काढला, आणि त्यात पार्श्वसंगीत मुळीच ठेवले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. मोठ्या यंत्रणेवर जुने चित्रपट कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. आमचा अनुभव असा की यंत्रणेची परीक्षा तेथेच लागते. जुना ध्वनी एकाच मार्गाचा असतो. तो फक्त मधल्या स्पीकरमधून, ‘हॉल’, ‘स्टेडियम’ वगैरे घुमारा देणारी सर्व बटणे बंद ठेवून ऐकावा. आम्ही ‘कुंकू’ लावला तेव्हा मातोश्री मध्येच म्हणाल्या, ‘अरे, आपले घड्याळ एवढे मोठ्याने कधीपासून वाजायला लागले?’ आमच्या दिवाणखान्यात घड्याळ विजेरीचे आहे, ते वाजत नाही. वाजत होते ते पडद्यावरील भिंतीचे.

नव्या चित्रपटांतही ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. २०१४ सालच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा दूर, स्थिर उभा राहतो आणि कचेरीतील पंखे, कागद, कुजबुज, मराठी-हिंदी-गुजराती-इंग्रजी बोलणे हे सारे एका पातळीवर येते, ज्याने सरकारी कार्यालयात आयुष्य काढले त्यास तो आवाज ओळखीचा वाटेल. २०१६ सालच्या ‘सैराट’चे संगीत अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदावर मुद्रित झाले, तेथे सबवूफरची हौस फिटते. त्याच चित्रपटाचा अखेरचा भाग मात्र निःशब्द आहे. त्या वेळी पंखा बंद असावा. बंगळूरच्या हवेत तेवढे जमते.

मागच्या दोन स्पीकरांविषयी अनेकजण विचारतात. पाऊस, गर्दी, देवळातील घंटा हे त्यांतून येते. ते असल्यास आनंद आहे. नसल्यास संवादाचा एक शब्दही कमी होत नाही. आमच्याकडे ते अद्याप नाहीत. त्यासाठी बाजूस ठेवलेल्या रकमेचे काय करावे, हा प्रश्न गेल्या वर्षी आला, तेव्हा आम्ही मातोश्रींना मैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत नेले. तेथे कानाचा जो आलेख काढून दिला त्यात रेघ दोन हजार कंपनांपाशी घसरगुंडीसारखी खाली उतरली होती. मधल्या स्पीकरास दिलेले तीन डेसिबल कोठे पुरत होते आणि कोठे नाही, ते एका कागदावर दिसले. मागच्या स्पीकरांचे पैसे श्रवणयंत्रात गेले. सुरुवातीस त्यांना भांड्यांचा आवाज फार लागे, म्हणून रोज तास-दीड तास, तोही चित्रपट पाहताना, असे करीत सवय लावली. आता पणजी आणि पणतू एका कोचावर बसतात. तो मध्येच ‘म्हणजे काय?’ विचारतो आणि त्या चित्रपट थांबवावयास लावून अर्थ सांगतात. रिमोटवरील थांबविण्याचे बटण त्यांना आता सापडते. मागच्या भिंतीतून स्पीकरांची तार मात्र आम्ही रंगकामाच्या वेळीच घालून ठेवली आहे.